मुळीक गुरुजींच्या टोपीचं माप

सासरे माझ्याविरुद्ध तक्रार करायच्या तयारीनं मिरजेला आले होते, आणि त्या तयारीत जेवणाचा डबाही होता.

डॉक्टर हेर्लेकर बाईंच्या सोनोग्राफी केंद्राचं दार ढकलून मी आणि मुक्ता आत शिरलो, तर समोरच्या बाकावर आबा. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्या बरोबर वर भिंतीवर पाटी होती : ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ पाटी आणि आबा एकाच कंत्राटदाराकडून बसवून घेतल्यासारखे दिसत होते.

“या, जावईबापू,” आबा म्हणाले.

एरवी मी हेमंतराव. जावईबापू म्हणजे प्रकरण गंभीर.

“आबा, तुम्ही इकडं कसे?” मुक्तानं विचारलं.

“तंबोरा बघायला आलो. तुम्ही तंबोरा घ्यायला मिरजेला येणार, असं तुझी आई म्हणाली. म्हटलं, आपणही बघावा.” त्यांनी रिसेप्शनच्या काउंटरकडं बोट केलं. “हाच का तो? लाकूड बरं दिसतंय.”

तंबोऱ्याची कल्पना मुक्ताची. आमच्या तासगावातून माणूस मिरजेला जातो तो दोनच कारणांनी, एक तर दवाखाना, नाहीतर वाद्यं. दवाखाना सांगायचा नव्हता, म्हणून वाद्य सांगितलं. मुक्ताला ‘सा’ एका जागी ठेवता येत नाही, हे आमच्या दूधवाल्यालाही ठाऊक होतं. पण माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, निमूट विश्वास ठेवला. “डोहाळे कशाचेही लागतात,” त्या म्हणाल्या. “मला खडूचे लागले होते. हे शाळेतनं घेऊन यायचे.”

आता दवाखाना का सांगायचा नव्हता, ते.

पाचव्या महिन्याच्या तपासणीत हेर्लेकर बाईंनी बाळाचे हात, पाय, पाठीचा कणा, हृदय सगळं भराभर दाखवलं आणि डोक्यापाशी येऊन त्या बोलायच्या थांबल्या. बाई मुळात कमी बोलणाऱ्या, त्यामुळे त्या थांबल्यात हे कळायलाही आम्हाला थोडा वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं ते असं : मेंदूत पाण्याच्या छोट्या खोल्या असतात, सगळ्यांच्याच असतात. त्यांची मागच्या बाजूची रुंदी आम्ही मोजतो. ती दहा मिलिमीटरच्या आत असली की आम्ही काही बोलत नाही. तुमच्या बाळाची अकरा आहे.

“म्हणजे?” मुक्तानं विचारलं होतं.

“म्हणजे मी बोलतेय.”

मग रक्त तपासलं, गर्भजल तपासलं. दोन्ही ठीक आलं. बाकी मेंदू नीट दिसत होता. अशी बहुतेक मुलं ठीक निघतात, बाई म्हणाल्या, आणि लगेच पुढं म्हणाल्या, “बहुतेक म्हणजे सगळी नाहीत.” मी विमा कंपनीत नोकरीला. ‘बहुतेक’ या शब्दावर माझं घर चालतं. त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा समोरच्या बाजूनं ऐकायला मिळाला.

दुसऱ्या खेपेलाही अकराच निघाले. आज तिसरी खेप. खोली वाढलेली असली तर पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचं, आणि तिथं काय ऐकायला मिळेल याचा अंदाज आम्ही दोघंही एकमेकांना सांगत नव्हतो. घरी कुणाला काही कळू द्यायचं नाही, अशी मुक्तानं मला शपथच घातली होती. “मला माझं वाईट वाटून घ्यायला जमतंय,” ती म्हणाली होती. “पण बाकीच्यांचं वाईट वाटणं सांभाळायची ताकद नाही.” शिवाय आबांच्या हृदयात आदल्याच वर्षी स्प्रिंग बसवलेली. आणि पुढच्या रविवारी माईंनी डोहाळजेवण ठरवलेलं, पाट मांडून, पाळण्यात बसवून, पेढा की बर्फी विचारून.

पेढा की बर्फी हा प्रकार आबांना मान्य नव्हता. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी; वाटी उघडून जे निघेल ते. आबांनी माईंना बजावलं होतं, “दोन्ही वाट्यांत शेंगदाण्याची चिक्की ठेव.” दिनकर मुळीक म्हणजे तालुक्याचे मुळीक गुरुजी, सेवादलातले, गणिताचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. एकुलत्या एका मुलीचा जन्म झाला तेव्हा लोकांनी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं, तर यांनी हत्तीवरून नाही, पण सायकलवरून गावभर साखर वाटली. पुढं मुली गर्भातच मारायचं खूळ आलं, तेव्हा हे गावोगाव सभा घेत फिरले. एका डॉक्टरचं मशीन सील करायला लावलं, आणि तो डॉक्टर त्यांच्याच मावसभावाचा जावई होता. त्या लग्नातला आहेरही त्यांनी नंतर परत मागितला, अशी एक वदंता आहे.

अशा माणसाची पोटुशी मुलगी आणि जावई खोटं सांगून पुन्हा पुन्हा सोनोग्राफीला जातात, हे त्यांच्या कानावर कुणी घातलं असेल? मिरज स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं. तो त्यांचा विद्यार्थी. आमच्या भागात गुरुजींचा विद्यार्थी नाही असा खांबसुद्धा सापडत नाही.

“बसा,” आबा म्हणाले. आम्ही बसलो. मुक्ता मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. “एकदा सोनोग्राफी, समजू शकतो. दोनदा, तेही समजू. तिसऱ्यांदा कशाला? आणि चोरून कशाला?”

“आबा, तसं काही नाहीय,” मी म्हणालो.

“कसं नाहीय?”

“तुम्हाला वाटतंय तसं.”

“मला काय वाटतंय ते तुम्हाला कसं कळलं, जावईबापू? म्हणजे ते तुमच्या मनात होतंच.”

गणिताच्या मास्तरांशी वाद घालू नये. ते आपल्याच विधानानं आपल्याला खोटं ठरवतात आणि वर रीत दाखवायला लावतात.

“तुमच्या घरच्यांनी काही म्हटलंय का?” आबांनी आवाज खाली आणला. समोर दोन बायका आपापल्या रिपोर्टच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या आणि आमच्याकडं बघत नसल्याचं दाखवत होत्या. “मुलगाच पाहिजे, वगैरे? म्हटलं असेल तर सांगा. मी येऊन बोलतो. पण आत जाऊन विचारलंत, तर मी इथून उठून थेट सिव्हिल सर्जनकडं जाणार. जावई बघणार नाही, पोरगी बघणार नाही. डबा आणलाय. संध्याकाळपर्यंत बसायची तयारी आहे.”

“डब्यात काय आहे?” मुक्तानं विचारलं.

आबा गडबडले. “थालीपीठ. आणि लोणी. तुझ्यासाठीच आहे. खाऊन घे आधी.”

तक्रारदारानं आरोपीसाठी लोणी आणल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मुक्तानं डबा घेतला, उघडला नाही. मी तिच्याकडं बघितलं. शपथ तिनं घातली होती, सोडवायची तर तिनंच सोडवायची. ती डब्याच्या कडीशी खेळत राहिली आणि मग पाटीकडं बघत म्हणाली,

“आबा, बाळाच्या मेंदूत पाण्याची जागा जास्त आहे. ती वाढतेय का, ते मोजायला येतो आम्ही. मुलगा की मुलगी हे आम्हाला माहीत नाही. आणि आता तर त्याचं काही वाटतही नाही.”

समोरच्या दोन बायकांनी खरोखरच दुसरीकडं बघितलं.

आबांचा चेहरा फारसा बदलला नाही. टोपी तेवढी त्यांनी दोन्ही हातांनी नीट केली, जी नीटच होती.

“मोजतात?”

“हो.”

“किती आहे?”

“अकरा.”

“कितीपैकी?”

चाळीस वर्षांची सवय. मला हसू आलं, आणि ते कुठं ठेवावं कळेना.

“दहाच्या आत पाहिजे,” मी म्हणालो. “मिलिमीटर.”

“म्हणजे एकच जास्त आहे की!” आबा म्हणाले. “एका मिलिमीटरनं काय होतंय?”

“मला तुम्ही नववीत भूमितीला एका मार्कानं नापास केलं होतं,” मुक्ता म्हणाली. “आई म्हणत होती, एकाच मार्काचा प्रश्न आहे, द्या. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

आबा काय म्हणाले होते, हे घरात सगळ्यांना पाठ होतं : ‘रेघ म्हणजे रेघ. तिच्यावर बसायचं नसतं.’ मुळीक गुरुजींनी आयुष्यात कुणाला ग्रेस दिला नाही. पेपर बघितल्याशिवाय ‘चांगला गेला असेल’ एवढंसुद्धा ते कुणाला म्हणत नसत.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “आणि हे तुम्ही दोघंच घेऊन फिरताय इतके दिवस?”

“तुमची स्प्रिंग,” मी म्हणालो.

“स्प्रिंग दाबायसाठीच असते, हेमंतराव.”

मी पुन्हा हेमंतराव झालो होतो.

आतून नाव पुकारलं. बाईंचा नियम एकच माणूस आत घ्यायचा होता. मी उठलो, तर आबाही उठले आणि थेट दारात जाऊन म्हणाले, “मी मुलीचा बाप. मला बघायचंय.”

हेर्लेकर बाईंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. “दोघंही या. भिंतीला टेकून उभे राहा. पडद्याला हात लावायचा नाही, मला प्रश्न विचारायचे नाहीत.”

“कधी विचारायचे?” आबांनी विचारलं.

“हा विचारलात.”

खोलीत अंधार होता. मुक्ता टेबलावर आडवी झाली, बाईंनी तिच्या पोटावर ती गार जेली लावली आणि पडद्यावर राखाडी धुकं हलायला लागलं. मला तिसऱ्या खेपेलाही त्यात काही दिसत नव्हतं. आबा पहिल्यांदाच बघत होते, तरी त्यांनी मान पुढं काढली होती, फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचावं तशी. बाईंनी डोक्याचा आडवा छेद पकडला. पांढऱ्या अंड्यासारखी कवटी, मध्ये रेघ, आणि मागच्या अंगाला ती काळी फट. तीच ती. बाईंनी चित्र थांबवलं आणि फटीच्या एका काठावर एक टिंब ठेवलं. दुसरं टिंब समोरच्या काठाकडं सरकायला लागलं.

“आतून आत की बाहेरून बाहेर?” आबांनी विचारलं.

बाईंचा हात थांबला. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार.

“आतून आत,” बाई म्हणाल्या. “भिंतीची जाडी धरायची नाही. आणि रेघ तिरकी गेली की माप फुगतं, म्हणून काटकोनात धरायची. शिक्षक का तुम्ही?”

“गणित.”

“मग ठीक आहे. अजून एक विचारू शकता.”

त्यांनी मोजलं. चित्र सोडून दिलं, बाळ हललं, पुन्हा पकडलं, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मुक्ता छताकडं बघत होती. तिच्या डाव्या पायाचा अंगठा मी हातात धरला होता, कारण तिथून तेवढाच हाताला येत होता. दुसरा अंगठा आबांनी कधी धरला, मी बघितलं नाही.

“दहा पूर्णांक आठ,” बाई म्हणाल्या. “तिन्ही वेळा जवळपास तेवढंच. वाढलेलं नाही.”

मुक्तानं डोळे मिटले. आबांनी आपला शिल्लक प्रश्न विचारला.

“म्हणजे पास का?”

“म्हणजे वाढलेलं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी आता कवटीभोवती एक गोल फिरवला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडं बघत राहिल्या. “डोकं मात्र महिन्याच्या मानानं मोठं आहे. मागच्या वेळीही होतं. हळूहळू वाढतंय, पण पहिल्यापासून मोठंच आहे. घरात कुणाचं...” बोलता बोलता त्यांनी दिवा लावला, वळल्या, आणि आबांकडं बघून मध्येच थांबल्या.

लोक आबांच्या टोपीकडं बघतात, डोक्याकडं बघत नाहीत. मीही इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. ती टोपी दुकानात मिळत नसे. तासगावच्या बाजारातले इलाही टेलर त्यांच्यासाठी वेगळं कापड बेतत, आणि त्या दुकानात ‘गुरुजी माप’ नावाचा एक कागदी नमुना खिळ्याला टांगलेला असे. दुसऱ्या कुणाला तो कधी लागला नाही.

“काका,” बाई ड्रॉवरमधून टेप काढत म्हणाल्या, “टोपी काढता का जरा?”

“कशाला?”

“मोजायचंय.”

“माझं?”

“पडद्यावरचं मोजून झालंय.”

आबांनी मुक्ताकडं बघितलं. मग टोपी काढली. मुक्तानं मला नंतर सांगितलं की तिनं बापाचं डोकं त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. लग्नाच्या फोटोतही ते टोपीवर मुंडावळ्या बांधून बसले आहेत. चकचकीत, भव्य, एखाद्या संस्थानाची राजधानी असावी असं ते डोकं होतं. बाईंनी कपाळावरून टेप फिरवला.

“एकसष्ट सेंटिमीटर,” त्या म्हणाल्या. “उत्तम. मुक्ता, उठून बस. साडेअठ्ठावन्न. बायकांत हे बरंच झालं. मिस्टर, या इकडं.” माझ्या डोक्याला त्यांनी टेप लावला न लावला तोच काढला. “तुमचं अगदी सामान्य आहे.”

“ते आम्हाला लग्न ठरवतानाच कळलं होतं,” आबा म्हणाले.

टेबलावर बसलेली मुक्ता हसली. कित्येक दिवसांनी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पोटावरची जेली पुसायचा कागद घेऊन तिनं तोंड पुसलं. ते सगळं चिकट झालं.

बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, आणि सांगताना एकेक शब्द मोजून ठेवला. काही घराण्यांत डोकी मोठी असतात, आणि घर मोठं तशा आतल्या खोल्याही थोड्या ऐसपैस. हे त्यातलं असू शकेल. “असू शकेल, म्हणतेय. खात्री देत नाही. वाढलेलं नाही आणि बाकी मेंदू नीट दिसतोय, एवढं माझं. जन्मल्यावर टाळूवरून पुन्हा बघू. तोवर कुणी खात्री दिली तर विश्वास ठेवू नका.”

बाहेर आलो. थालीपीठ आम्ही तिघांनी केंद्राच्या पायरीवर बसून खाल्लं.

“आईला सांगू नका,” मुक्ता म्हणाली. “एवढं डोहाळजेवण होऊ दे. ती पाळणा सजवतेय.”

“मी खोटं बोलत नाही,” आबा म्हणाले.

“बोलू नका. फक्त सांगू नका.”

“ती विचारणार, कुठं गेला होतात. मी सांगणार, मिरजेला. ती विचारणार, कशाला.” आबांनी डब्याला कडी लावली. “उठा.”

त्यांनी आम्हाला सतारमेकर गल्लीत नेलं आणि अर्ध्या तासात एक तंबोरा विकत घेतला. दुकानदारानं विचारलं, पट्टी कुठली? आबा म्हणाले, “कुठलीही. गाणारं कुणी नाही.” आमच्याकडं वळून म्हणाले, “आता मी काय सांगणार? तंबोरा घ्यायला गेलो होतो. आहे की नाही खरं?”

तासगावच्या एसटीत तंबोऱ्यासाठी कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. त्याचा भोपळा मुक्ताच्या पोटाला टेकला होता, आणि दोघांना मिळून खिडकीची जागा दिली होती. स्टँडवर उतरल्यावर आबा म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं, माझं बाजारात काम आहे.” तंबोरा मी खांद्यावर घेतला. सामान्य डोक्याच्या माणसानं करण्यासारखं तेवढंच काम उरलं होतं.

डोहाळजेवण झालं. मुक्तानं वाटी उघडली तर चिक्की निघाली. दुसऱ्या वाटीतही चिक्कीच निघाली, आणि बायकांनी आबांना चार शब्द ऐकवले. पुढं दिवस भरले, मुलगी झाली. डोकं यायला फार वेळ लागला, हे मुक्ता अजूनही आबांना ऐकवते. हेर्लेकर बाईंनी टाळूवरून तपासलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “खोल्या ऐसपैस आहेत. बाकी घर उत्तम. आता माझ्याकडं येऊ नका.”

बारशाला घर भरलं. मावश्या, आत्या, शेजारणी, प्रत्येकीनं बाळासाठी टोपडं आणलेलं. गुलाबी, मोतिया, जरीचं, लोकरीचं, मोत्यांच्या झालरीचं. एकही टोपडं बसेना. कुठलं डोक्यावर वाटीसारखं उभं राही, कुठलं ओढून बसवावं तर पटकन उडे. बायका नाड्या सैल करून बघत होत्या, बाळ रडायला लागलं होतं, आणि कुणीतरी म्हणालं, “अगंबाई, डोकं आहे का काय!” मुक्ताचा चेहरा उतरला. ते वाक्य गमतीनं आलं होतं. पण आमच्याकडं त्या गोष्टीची गंमत अजून व्हायची होती.

आबा उठून आतल्या खोलीत गेले. आले ते हातात एक पुडी घेऊन. वर्तमानपत्राच्या कागदातून त्यांनी टोपडं काढलं. साधं पांढरं, खादीचं, त्यांच्या टोपीच्याच कापडाचं. इलाही टेलरची टीप मी लांबून ओळखली. आबांनी ते बाळाच्या डोक्यावर ठेवलं आणि ते सरळ कानांपर्यंत उतरलं. ओढावं लागलं नाही. बाळ रडायचं थांबलं.

“हे कधी शिवलंत?” माईंनी विचारलं.

“तंबोऱ्याच्या दिवशी.”

“बाळ जन्मायच्या आधी?” माईंनी कपाळाला हात लावला. आमच्याकडं पोटातल्या बाळासाठी आधीपासून काही शिवत नाहीत. आणू नये, शिवू नये, गृहीत धरू नये. “आणि न बघताच? एवढ्या मापाचं?”

“माप होतं माझ्याकडं.”

मी मुक्ताकडं बघितलं आणि तिनं माझ्याकडं. ‘खात्री देत नाही’ हे आम्ही तिघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी ऐकलं होतं. आम्ही दोघं त्यानंतर महिनोन्‌महिने पाळण्याच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडत होतो. आणि हा माणूस त्याच संध्याकाळी एसटीतून उतरून टेलरकडं गेला होता.

“ते राहू दे,” माई म्हणाल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “पण बारशाला पांढरं कुणी घालतं का? पोरीच्या जातीला जरा गुलाबी तरी शिवायचं.”

आबांनी टोपड्याची नाडी बाळाच्या हनुवटीखाली बांधली, सुरगाठ घातली आणि ती दोन बोटांनी तपासून बघितली.

“मुलगा की मुलगी, मला तेव्हा काय माहीत?” ते म्हणाले. “विचारणं गुन्हा आहे.”